घराण्यात पानिपत, रुमालात कागद: इतिहासकार नेमकं ठरवतात कसं?

गवताची_काडी
मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की आमचे मूळपुरुष खंडोजी पानिपतावर लढले आणि जखमी होऊन पायी परत आले. कोणत्या खांद्याला वार झाला तेसुद्धा ठरलेलं आहे (डाव्या). गेल्या महिन्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कागदांचा एक रुमाल सापडला. आत मोडीतले अकरा कागद. घरात कुणालाच वाचता येत नाहीत. काका म्हणाले, हा घ्या पुरावा. मी म्हटलं, काका, आधी वाचून तरी घेऊ. तर म्हणाले, "वाचायचं काय त्यात? काय लिहिलंय ते आपल्याला माहीतच आहे."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. घरातली गोष्ट एक सांगते, बखर दुसरं, पत्रं तिसरं, फारसी आणि इंग्रजी कागद चौथंच. इतिहासकार यातलं कुणाचं ऐकायचं हे ठरवतात कसं? शाळेत सनावळ्या घोकल्या, पण त्या सनावळ्या आल्या कुठून हे कुणी सांगितलं नाही.

बिनधास्त_बंडू
काकांना दंडवत. वाचायच्या आधीच निष्कर्ष तयार! अर्धे इतिहासलेखक असेच काम करतात, फक्त कबूल करत नाहीत.

मोडीमित्र
काडी, आधी कामाचं. कागद लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका. घडी उलगडत नसेल तर ओढू नका. खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही असं ठेवून फोटो काढा, पाठच्या बाजूचाही काढा. मजकुराइतकंच पाठीवरचं टिपण आणि शिक्का महत्त्वाचा असतो. आणि कुठला कागद कुठल्या कागदाच्या घडीत होता ते आत्ताच लिहून ठेवा. रुमाल एकदा विस्कटला की ती माहिती कायमची गेली.

आता प्रश्न. पहिला निकष अगदी साधा: कागद घटनेच्या किती जवळ उभा आहे? सभासदाची बखर घ्या. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पदरी होता. त्याने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, महाराज गेल्यानंतर वीस वर्षांच्या आत. मल्हार रामराव चिटणीसाने लिहिली ती सुमारे सव्वाशे वर्षांनी. दोन्ही बखरीच, पण वजन सारखं नाही. बरं, सभासद जवळचा म्हणून त्याचं सगळं खरं, असंही नाही. त्याच्याकडे तारखा जवळजवळ नाहीतच आणि प्रसंगांचा क्रम मागेपुढे होतो. म्हातारपणी आठवून सांगणाऱ्या माणसासारखं आहे ते. माणूस खोटं बोलत नाही, पण आधी काय आणि नंतर काय हे त्याला विचारू नये.

पत्राचं तसं नसतं. दाणावैरण पाठवा म्हणून लिहिणाऱ्या माणसाला आपण इतिहास लिहितोय याचा पत्ताच नसतो. म्हणूनच ते पत्र मोलाचं.

खडूफळा
मोडीमित्र यांच्याशी सहमत. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. सनावळ्या कुठून आल्या याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे शिवजन्माची तारीख.

बराच काळ शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ हीच तिथी चालत आली होती. उत्तरकालीन बखरींतून आलेली. मग लोकमान्य टिळकांच्या हाती जेधे घराण्याची शकावली आली, ती १९१६ मध्ये छापली गेली. त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आता शकावली म्हणजे काय, तर कोरडी टिपणं: अमुक साली अमुक झालं. ना अलंकार, ना संवाद. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी मिळाली, आणि राजस्थानात मिळालेली कुंडलीही त्याच बाजूची निघाली. तीन साक्षीदार, तिघे वेगळ्या ठिकाणचे, एकमेकांची नक्कल केल्याचं दिसत नाही. तिथे पारडं फिरलं. तरी वाद मिटायला जवळजवळ शतक लागलं.

चौकटीबाहेर
शके १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येतं. मग १९ फेब्रुवारी १६३० कसं काय? गणित कच्चं आहे का कुणाचं?

सनावळी
चौकटीबाहेर, गणित तुमचंच थोडं घाईचं आहे. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. फाल्गुन येईपर्यंत इसवी सन पुढे सरकलेला असतो, म्हणून त्या महिन्यांना ७९ मिळवायचे.

पण खरी गंमत पुढे आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या, जूलियन पंचांगाची तारीख. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगाने तोच दिवस १ मार्च १६३० येतो, कारण सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे "तारीख कोणती" हा प्रश्नच अर्धा आहे, "कोणत्या पंचांगाची" हे आधी विचारायला हवं.

आणि वार तपासायचा. मूळ नोंदीत शुक्रवार आहे. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन मागे मोजत गेलो. १ मार्च १६३० ला खरोखरच शुक्रवार येतो, पौर्णिमाही नेमकी दोन दिवस आधी पडते. ज्याने नोंद केली त्याने मागाहून रचली असती तर तिथी आणि वार इतके चपखल जुळणं अवघड. बनावट कागद पकडण्याची ही जुनी युक्ती आहे. तिथी लिहिताना सगळे सावध असतात, वार लिहिताना फसतात.

बिनधास्त_बंडू
सनावळी, तुम्हाला लहानपणी कुणी क्रिकेट खेळायला घेत नव्हतं का?

सनावळी
घेत होते. स्कोअर लिहायला.

झोळणा
बनावट कागदांचा विषय निघालाच आहे तर. लोकांना वाटतं जुना कागद म्हणजे खरा कागद. जुन्या काळीही लोक बनावट कागद करायचे! वतनाचा तंटा लागला की दोन्ही बाजू आपापली सनद काढायच्या, त्यात एखादी नुकतीच "जुनी" केलेली असायची. तीनशे वर्षांपूर्वीचा खोटा कागद आज तीनशे वर्षांचा जुनाच दिसतो. तिथे शाई-कागद तपासून काय मिळणार?

मग भाषा बघायची. शिवाजी महाराजांचं म्हणून १६६५ चं पत्र कुणी पुढे केलं आणि त्यात राज्याभिषेक शक असेल, किंवा मायन्यात "क्षत्रियकुलावतंस" असेल, तर तिथेच हात जोडायचे. राज्याभिषेक १६७४ चा, तो शक त्यानंतरचा. पत्र संपतं तिथे "मर्यादेयं विराजते" ची मुद्रा कशी आणि कुठे उमटली आहे, हेही बघतात.

हीच रीत इटलीत लोरेंझो व्हॅल्लाने १४४० मध्ये वापरली होती. सम्राट कॉन्स्टंटाईनने पोपला पश्चिमेचं राज्य देऊन टाकलं, असं सांगणारं एक दानपत्र होतं. व्हॅल्लाने दाखवून दिलं की त्यातलं लॅटिन चौथ्या शतकातलं असूच शकत नाही, शब्द मागाहूनचे आहेत. उलट बाजूचं उदाहरण १९८३ चं, हिटलरच्या डायऱ्या. एका जर्मन साप्ताहिकाने छापायला घेतल्या, ह्यू ट्रेव्हर-रोपरसारखा नावाजलेला इतिहासकारही आधी फसला. मग कागदातच युद्धानंतर वापरात आलेलं रसायन सापडलं आणि बिंग फुटलं. व्हॅल्लाला शब्दाने तारलं, इथे कागदाने. नुसत्या एकावर भिस्त ठेवून चालत नाही.

मावळतीचा_वारा
सगळं वाचलं. पण मला हे "पुरावा दाखवा" प्रकरण आता जास्त होतंय असं वाटतं. कोंढाण्याच्या कड्यावरून घोरपड चढली याचा कागद मागणार का तुम्ही? लोकांनी शतकानुशतकं पोवाडे गायले ते काय वेडे म्हणून? पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही, असं थोडंच आहे!

मोडीमित्र
शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. फक्त त्याचा पुढचा अर्धा भागही म्हणायला हवा: पुरावा नाही म्हणजे घडलंच, असंही नाही.

तानाजी मालुसरे १६७० मध्ये कोंढाणा घेताना पडले, याला बळकट आधार आहे. घोरपडीला समकालीन आधार नाही. आणि "गड आला पण सिंह गेला" म्हणून गडाचं नाव सिंहगड पडलं म्हणावं, तर ते नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रातही आलेलं आहे. यात तानाजींचं शौर्य कणभरही कमी होत नाही. दोराने चढणं घोरपडीपेक्षा सोपं असतं असं कुणाला वाटत असेल तर त्याने चढून बघावं.

कारकून_निवृत्त
"ध चा मा" राहिलं की.
नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३. "धरावे" चं "मारावे" आनंदीबाईंनी केलं, हे शेंबड्या पोराला माहीत. मूळ चिठ्ठी मात्र उपलब्ध नाही. चाळीस वर्षं सरकारी फायली हाताळल्या म्हणून सांगतो, गहाळ कागदाबद्दल माणसं जितक्या खात्रीने बोलतात तितकी समोरच्या कागदाबद्दल बोलत नाहीत.

उंबरठा
मी मावळतीचा वारा यांच्या बाजूने थोडं बोलते. घोरपडीसाठी नाही हां.

कागद, कागद म्हणताना कागद कुणाचा होता ते बघा. ज्याने सारा भरला, ज्याचा तंटा झाला, ज्याने कर्ज काढलं, त्याची नोंद. बाकीचे कुठे गेले? पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले. निवडून! कुणी निवडलं, काय बघून निवडलं? लढाया, तह, कारस्थानं यांचं पारडं जड. शेतात राबणारी बाई त्यात शोधायची तर जमाखर्चात, दंडाच्या यादीत, नाहीतर फिर्यादीत शोधावी लागते. आणि तिथेही ती "अमक्याची बायको" म्हणूनच येते. पाच-सहा वर्षांपूर्वी एका प्रकल्पासाठी मी महजरांच्या, म्हणजे गावसभेच्या निवाडापत्रांच्या, नकला वाचत होते. गावची मंडळी साक्षीला बसलेली, खाली निशाण्या: पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या कामाची हत्यारं. ओळीने ती चिमुकली चित्रं बघताना पहिल्यांदा वाटलं की हे लोक खरंच होते. बायकांची निशाणी शोधायला मला दिवसच्या दिवस लागले.

मग जिथे कागदच नाही तिथे ओवी, पोवाडा, घरातली गोष्ट यांच्याकडे जावं लागतं. ते खोटं-खरं यापेक्षा वेगळं काही सांगतात. काडी यांच्या घराला पानिपतावर असावंसं का वाटलं, हासुद्धा इतिहासाचाच प्रश्न आहे.

गवताची_काडी
उंबरठा, शेवटचं वाक्य काकांना वाचून दाखवलं. दोन दिवस बोलत नाहीयेत.

झोळणा
कागद नसेल तर वस्तू बोलतात, हे कोसंबींनी दाखवलं. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारून केलेली) नाणी घेऊन चक्क एकेक तोलली. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, म्हणजे वजन घटतं. एकाच साठ्यातल्या कुठल्या छापाची नाणी सरासरी किती झिजली यावरून कोणती आधीची आणि कोणती नंतरची, याचा क्रम लावला. ज्या राजांबद्दल धड ओळभर मजकूर नाही, त्यांच्या काळाबद्दल तराजूने बोलायला लावलं!

खडूफळा
वा! हे मुलांना सांगायला हवं होतं. निवृत्तीनंतर असं काही कळलं की चुटपुट लागते.

परक्यांच्या कागदांबद्दल कुणी बोललं नाही अजून. इंग्रज वखारींची पत्रं तारीखवार, नेटकी, म्हणून लोक डोळे मिटून मानतात. पण वखारवाल्याला कळायचं ते बाजारात जे कानावर पडेल तेवढं. शिवाजी महाराज गेल्याच्या अफवा त्यांच्याकडे इतक्या वेळा येऊन गेल्या होत्या की १६८० मध्ये खरी बातमी आली तरी काही इंग्रजांना ती पटेना. पत्र समकालीन, लिहिणारा प्रामाणिक, तरी बातमी चूक असू शकते. घटनेच्या जवळ असणं आणि घटना माहीत असणं यांत फरक आहे.

सनावळी
पानिपताचा विषय आहे तर एक अवांतर. "पानिपतावर संक्रांत कोसळली" असं सर्रास लिहितात, कारण १४ जानेवारी १७६१. पण त्या वर्षी संक्रांत चौदाला नव्हतीच! ती हळूहळू पुढे सरकत आली आहे, साधारण सत्तर वर्षांना एक दिवस. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आणखी शंभर वर्षं मागे जा, म्हणजे १७६१ मध्ये ती दहा जानेवारीच्या आसपास येते. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. म्हणजे त्या दिवशी छावणीत कुणाच्या मनात "आज संक्रांत" असं आलं नसणार. आपण आपलं कॅलेंडर त्यांच्या भिंतीवर टांगलं.

चौकटीबाहेर
हे कायच्या काय भारी आहे. मी दरवर्षी हे स्टेटसला टाकतो. आता पुढच्या वर्षी काय टाकू?

बिनधास्त_बंडू
"पौष शुद्ध अष्टमी कोसळली."

मोडीमित्र
हा हा. पण सनावळींचा मुद्दा नीट पोचायला हवा. आजच्या गोष्टी मागे नेऊन टांगणं ही सगळ्यात मोठी खोड. तशीच दुसरी, आकडे शब्दशः घेणं. "लाख बांगडी फुटली" हा हंबरडा आहे, तो हिशेब म्हणून वाचायचा नसतो. लढाई प्रत्यक्ष पाहिलेल्या काशीराजाने फारसीत हकिकत लिहिली. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या गोटातला, आणि लिहिली जवळजवळ वीस वर्षांनी. डोळ्यांनी पाहिलं हे खरं, पण कुठे उभं राहून पाहिलं आणि कधी लिहिलं हेही खरं.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला तो नेमका या काळातल्या पत्रांचा. त्याआधी आपण बऱ्याच अंशी ग्रँट डफच्या १८२६ च्या पुस्तकावर आणि बखरींवर विसंबून होतो. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दफ्तरं गोळा केली, बावीस खंड छापले. माझं प्रामाणिक मत: त्यांनी छापलेली पत्रं म्हणजे सोनं, त्यांच्या प्रस्तावना मात्र जपून वाचाव्यात. पानिपताचं खापर मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर त्यांनी ज्या आवेशाने फोडलं, तो आवेश पत्रांत तितका सापडत नाही. गंमत अशी की त्यांच्याशी वाद घालायला लागणारी पत्रंही त्यांनीच छापून ठेवली. मला विचाराल तर इतिहासकाराने एवढं तरी करावं, आपल्याला चूक ठरवायची सोय मागे ठेवावी.

कारकून_निवृत्त
शेवटच्या ओळीसाठी वाचनखूण साठवली.

मावळतीचा_वारा
ठीक आहे, घोरपड मागे घेतो. पण इतिहासकारांचं ते "असावे", "संभवते", "नाकारता येत नाही" वाचून जीव जातो हो. एक सरळ वाक्य लिहा की!

उंबरठा
ते "असावे" लिहायला कधी कधी सहा महिने लागतात. "होते" एका मिनिटात लिहून होतं.

गवताची_काडी
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. माफी असावी.

कागद मोडी वाचणाऱ्या एका बाईंकडे नेले. आठ कागद नुसते जमाखर्चाचे. दोन तर आमच्या घराण्याचेच नाहीत, आमच्या माळ्यावर कसे आले देव जाणे. अकरावा मात्र कर्जरोखा निघाला, आणि त्यात खंडोजी! त्याने शंभर रुपये कर्ज काढलंय, गावातच, साक्षीदार गावचेच, आणि "सदरहू रुपये समक्ष घेतले" असं लिहून दिलंय. तारीख अशी: सन इहिदे सितैन मया व अलफ, छ १९ जमादिलावल. बाईंनी सन वाचून दाखवला, पण इंग्रजी तारीख घरी जाऊन काढा म्हणाल्या. सनावळी, कुठे आहात?

सनावळी
हजर. आकडे अरबी शब्दांत उलटे येतात: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी कागदांत चालणारी जुनी कालगणना) ११६१. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ मिळवले की १७६०, जानेवारीनंतर ६००. जमादिलावलची एकोणीस म्हणजे साधारण २७ डिसेंबर १७६०, एखादा दिवस इकडेतिकडे.

म्हणजे लढाईच्या अठरा दिवस आधी. भाऊसाहेबांची छावणी नोव्हेंबरपासून पानिपतावर अडकून पडलेली. आणि खंडोजी गावात बसून समक्ष रुपये मोजून घेतोय.

काडी, वाईट वाटून घेऊ नका.

बिनधास्त_बंडू
डाव्या खांद्याला वार सावकाराने केला असणार.

मोडीमित्र
थांबा, थांबा. इतक्या लवकर निकाल देऊ नका. खंडोजी कोणता? नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, एका घरात एकाआड एक पिढीला खंडोजी असणार. चुलत घरातही असेल. पानिपतावर गेलेला एक आणि कर्ज काढणारा दुसरा, हे सहज शक्य आहे. रोख्यात "खंडोजी बिन" कोण, ते बघा. बापाचं नाव असतंच. ते तुमच्या वंशावळीशी ताडून बघा, मग बोलू.

गवताची_काडी
आत्ताच फोटो मोठा करून बघितला. "खंडोजी बिन" इथपर्यंत स्वच्छ आहे. पुढे बरोबर घडी येते, आणि नेमकी तिथेच कसर लागलीय. शेवटी "जी" तेवढं दिसतंय.

बिनधास्त_बंडू
"जी" म्हणजे सटवाजी, बाबाजी, येसाजी, रायाजी, तुकोजी... झालं, अख्खी फौज आली.

मोडीमित्र
मूळ कागद आडव्या उजेडात धरून पुन्हा फोटो काढा, बोरूचा दाब कधी कधी उमटलेला असतो. आणि ते आठ जमाखर्च फेकू नका. व्याज कोणी भरलं, कुणाच्या नावावर, ते त्यातच सापडेल.

गवताची_काडी
काढते. काकांनी फोन केला होता मघाशी. म्हणाले, "बघ, मी सांगितलं नव्हतं, कागदात खंडोजी आहे म्हणून?"